सरव्याचं पत्रक

पत्रकं लिहिणाऱ्याला एक वाईट खोड लागते. वाकलेली पाठ दिसली की तिच्याखाली घोषणा लिहावीशी वाटते. मी तर ती माझ्या आईच्याच पाठीखाली लिहिली.

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी यवतमाळला बी.ए. केलं, तिथेच शेतमजूर बायांच्या संघटनेत शिरले आणि तिथेच लिहायला शिकले. वाक्य छोटं, शत्रू एक आणि शेवटी मागणी. मला ते जमलं. अजूनही मला ते आवडतं, आणि ज्यांना आवडत नाही त्यांच्या वावरात बहुधा आमच्याच बाया निंदायला जातात.

आईचं तसं नाही. आई रोजमजुरीने शेतात जाते, रविवारी उपासनेला जाते आणि उरलेल्या वेळात देव तिला काय शिकवतो आहे ते शोधत असते. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची जेमतेम सात-आठ घरं. टिनाच्या छपराचं देऊळ. पाळक तालुक्याहून मोटारसायकलवर येतात, प्रवचन देतात आणि जातात. आमच्या घरचं प्रवचन मात्र थांबत नाही. चपलेचा अंगठा तुटला, धडा. बस चुकली, धडा. एकदा कुकरची शिट्टी होईना तर आईने ती उलटी करून ठोकली आणि म्हणाली, "पाह्य, तुरीचं टरफल अडकलं होतं. मनात राग अडकला का प्रार्थनाही अशीच वर जात नाई."

"आई, शिट्टी नवीन आण," मी म्हटलं.

"थे बी आणू," आई म्हणाली. "पण धडा त फुकटच भेटला."

माझं आईवर फार प्रेम आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते प्रेमानेच केलं, आणि प्रेमाने केलेली चूक जास्त लांब जाते.

आमच्याकडे सोयाबीन सोंगून, मळून माल घरी गेला की रानात शेंगा सांडलेल्या राहतात. तूर कापली की तिच्याही राहतात. त्या सांडलेल्याला सरवा म्हणतात. ज्यांना शेत नाही अशा बाया तो वेचायला येतात. मालकाला विचारायचं नसतं आणि मालकाने नाही म्हणायचं नसतं. तीन-चार दिवस वावर मोकळं असतं, मग ट्रॅक्टर येऊन रोटावेटर मारतो आणि जे उरलं ते मातीचं होतं.

आई दरवर्षी सरव्याला जायची. बरोबर शेजारची बुढी. ही बुढी आमच्या धर्माची नाही, नात्याची नाही. आमच्या आणि तिच्या घरात एक मातीची भिंत, तीही अर्धी पडलेली. नवरा कधीच गेला, मुलगा पुण्याकडे कंपनीत, तो फोन करतो. बुढी कोणाचं काही घेत नाही. काहीच नाही. आमच्याकडे चहाला यायची तर साखरेची पुडी कमरेला खोचून. आई म्हणायची, "अव्वं, साखर हाये आमच्या घरी." बुढी म्हणायची, "असन. मले माह्यी गोड लागते." तिच्या घरात वर्षभर जी डाळ शिजायची ती सगळी तुरीच्या सरव्याची, स्वतः वेचलेली, स्वतः भरडलेली. सोयाबीनचा सरवा ती विकायची, त्यावर साखर-तेल आणि नवी तूर येईपर्यंतचे दिवस निघायचे.

मी त्या ऑक्टोबरात एसटीने घरी आले. फाट्यावर उतरले, चालत येताना नाल्याकाठच्या वावरात आई दिसली. कमरेत दुमडलेली. तिच्या बाजूला बुढी, तीही दुमडलेली. आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोटारसायकल उभी करून तिच्यावर बसलेला मालक. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. काकाजी नुसते बसून होते. माझ्या डोक्यात तिथेच मथळा छापून तयार झाला.

घरी आल्यावर मी आईला धरलंच. "लोकाईच्या वावरातलं सांडलेलं वेचतं तू?"

"मंग? सांडलेलंच वेचतात. उभं वेचलं त चोरी होते."

"आणि थेच देवापुढं ठेवतं? देवालेही उरलंसुरलंच?"

हे मी मुद्दाम बोलले. आमच्या देवळात हंगाम आटोपला की उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्याचं जे पिकलं ते तो वेदीपुढे ठेवतो. आमचं काहीच पिकत नाही, म्हणून आई पितळेच्या बोगण्यात सरव्याची तूर ठेवते. लहानपणी मला त्या बोगण्याची लाज वाटायची. दुसऱ्यांची पोती असायची.

आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सारं त्याचंच हाये. वेचलं एवढंच माह्यं." मग तिने मला शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, ती गोष्ट ऐकवली, परक्या देशातून आलेल्या विधवा सुनेची. सासूला जगवायला ती सून सरवा वेचायला गेली आणि तिच्याच वंशात पुढे प्रभू जन्मला. आमच्या मराठी शास्त्रात शब्दही हाच आहे, सरवा. आईला याचं भारी कौतुक. जणू ती सून राळेगावचीच.

"त्या बाईले जमीन असती त वेचायले गेलीच नसती," मी म्हटलं.

"मंग गोष्टच झाली नसती," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सरवा नको, हक्क हवा!' खाली मजुरी वाढवा, शेतावर प्यायचं पाणी ठेवा, सावली ठेवा. या मागण्या बरोबर होत्या, आजही बरोबर आहेत, त्यातली एक ओळही मी मागे घेणार नाही. पण सुरुवातीला मी लिहिलं, 'आमच्या आया परक्या वावरात वाकून सांडलेलं वेचतात, आणि मालक मोटारसायकलवर बसून ही भीक पाहतो!' नाव लिहिलं नव्हतं. गावात नाव लिहावं लागत नाही.

तालुक्याला छापायला दिलं. छापखान्याचे चाचा चष्मा कपाळावर सरकवून वाचत राहिले. मग म्हणाले, "बेटी, हर लाइन के आखिर में ये खंबे कायको गाड़े? तार कौन डालेगा?"

"कसले खांब?"

त्यांनी उद्गारचिन्हांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही छापा." त्यांनी छापलं.

संध्याकाळपर्यंत पत्रकं बसथांब्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीवर. बायांनी वाचायला लावलं, हसल्या, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं आपलं काम.

सकाळी नाल्याकाठच्या वावरात ट्रॅक्टर होता. सोयाबीनचा सरवा निम्मा बाकी होता आणि रोटावेटर फिरत होता. वावराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. आई, बुढी आणि आणखी चार बाया धुऱ्यावर रिकामी पोती घेऊन उभ्या. काकाजी आईला म्हणाले, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीनंच लिवलं. सरवा नको म्हणते. मंग नको. तुरीतही नको."

आई घरी आली. पोतं घडी करून खुंटीवर ठेवलं. स्वयंपाक केला. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कशाचाच धडा झाला नाही.

मी भडकले. माणूस सूड घेतो आहे, दुसरं पत्रक काढते, असं म्हणत होते. आई एवढंच म्हणाली, "काढ. पण बुढीच्या डाळीचं काय करतं थे पह्यले सांग."

त्याचं काय, असं मला वाटलं. डाळ ती काय, देऊ आपण. आईने वाटीभर डाळ झाकून भिंतीपलीकडे पाठवली. वाटी तशीच परत आली, भरलेली, आणि वर दोन हिरव्या मिरच्या. भांडं तसंच परत करू नये म्हणून. मग मी संघटनेचं किट आणलं. डाळ, तेल, मीठ, साबण. बुढी ओसरीवर बसली होती.

"आल्या का लीडरीणबाई," ती म्हणाली. "काय आणलं?"

"आजी, थोडं सामान हाये."

"फोटो काढतं?"

"नाई वं आजी."

"मंग कायले देतं?"

मी म्हटलं, हा तुमचा हक्क आहे. संघटनेत हेच म्हणायला शिकवतात आणि ते खरंही आहे. बुढीने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हक्क हाये त रस्त्यानं टाकत जाय. मी वेचून घेईन. हातात कायले देतं?"

मी पिशवी घेऊन परत आले. चार पावलांचं अंतर, पण पिशवी जड झाली होती.

नोव्हेंबर गेला. भिंत अर्धी पडलेली असल्यामुळे पलीकडे काय शिजतं ते आम्हाला कळायचं. मागच्या वर्षीची डाळ संपली होती. भाकर आणि तिखट-मिठाचं पाणी. कधी भाकर आणि कांदा. चहाला येणं बंद, कारण पुडीतली साखरही संपली असावी. येताजाताना ती मला म्हणायची, "काय लीडरीण, भेटला का हक्क?" आणि हसायची. ती हसत नसती तर मला कमी लागलं असतं.

एका दुपारी आई दळण निवडत होती. मी बाजूला फोनवर संघटनेचे मेसेज वाचत होते. आई अचानक म्हणाली, "तुले वावरात काय दिसलं?"

"तुम्ही वाकलेल्या."

"पाठ वाकली होती. मान वाकली का?" मी फोन खाली ठेवला. आई म्हणाली, "सरव्यात देणाऱ्याचा हात दिसत नाई. म्हणून घेता येते. पाळकसाहेब कृपा कृपा म्हणतात, मले थे अशीच समजली. देव काय समोर उभा राहून देते का? सांडून ठेवते अन् तोंड फिरवते. तू काकाजीले मोटारसायकलवर पाह्यलं. त्याचं तोंड कोणीकडे होतं, पाह्यलं का?"

मी आठवून पाहिलं. काकाजींचं तोंड रस्त्याकडे होतं. वावराकडे पाठ होती. आणि मी छापलं होतं, 'पाहतो!' खांबासकट.

डिसेंबरात मी काकाजींकडे गेले. तूर उभी होती, शेंगा वाळायला लागल्या होत्या, म्हणजे महिनाभरात कापणी. त्यानंतर काट्या हलल्या नाहीत तर बुढीच्या घरी पुढचं अख्खं वर्ष डाळ नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेने ती येणार नव्हती. मी लिहिलेली माफी खिशात घेऊन गेले होते. सवय जाते थोडीच.

काकाजी गोठ्यापुढे फवारणीचा पंप खोलून बसले होते. मला पाहून म्हणाले, "पत्रक आणलं का?"

"आणलं. वाचून दाखवू?"

"नको बाप्पा. मागचं पाच वेळा वाचलं, तोंडपाठ झालं. बायको झोपेत ऐकवते मले."

"मजुरीचं अन् पाण्याचं लिवलं थे मी मागं घेणार नाई, काकाजी."

"नको घेऊ. थे खरं होतं. म्हणून त राग आला." पंपाचा वॉशर त्यांनी फुंकून पाहिला. "पण भीक काहून लिवलं वं? भीक कोणी मांगतली, अन् कोणी देल्ली?"

"तेच चुकलं. म्हणून आली. सरवा देऊन टाका. तुमच्या हातानं..."

"थांब," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "देऊन टाका? सरवा कोणी देत नसते, पोरी. थो राह्यते. माह्या बापानं कधी देल्ला नाई. म्याही देल्ला नाई. राह्यला, लोकाईनं नेला. मी आपला तिकडं तोंड करून बसलो. तू लिवलं का मी पाह्यतो. आता अख्खं गाव मले पाह्याले लावते. पाह्यलं का मालक व्हा लागते."

मी विचारलं, "मंग तुरीचं काय?"

"तुरीचं काय? पिकली का कापू," ते म्हणाले आणि पुन्हा पंपात बोट घातलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माफी माझ्या खिशातच राहिली.

जानेवारीत आईच्या टोळीला त्याच तुरीची कापणी मिळाली. मीही गेले. विळा मी बारावीनंतर धरला नव्हता. वावराच्या तोंडाशी पोहोचलो तर काट्या कोणीतरी बाजूला ओढून ठेवल्या होत्या. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विळे काढले. पण रानात काही राहील की नाही, हे काट्यांवरून कळत नव्हतं. काकाजी धुऱ्यावर होते.

मी जीव तोडून कापलं. मजूर बाई कामचुकार असते असं मालक लोक म्हणतात, ते खोटं करून दाखवायचं होतं. एक फांदी सुटू दिली नाही. पेंढी बांधताना गळालेली प्रत्येक शेंग उचलून पेंढीत खुपसली. माझी ओळ झाडून काढल्यासारखी दिसत होती. मला अभिमान वाटला.

आई शेजारच्या ओळीतून सरकत आली आणि दबक्या आवाजात फटकारलं, "इतकं चाटूनपुसून नको काढू वं! मागून कोण येते थे त पाह्य."

पलीकडची एक बाई हसून ओरडली, "पाहा वं, लीडरीण आज मालकाच्या बाजूनं हाये!"

सगळ्या टोळीत हशा पिकला. मी मान वर करून बघितलं आणि तेव्हा मला दिसलं. प्रत्येक बाईची ओळ जिथे संपत होती तिथे एखादी डहाळी आडवी पडून होती. पेंढी उचलताना आई ती एकदा हलकेच झटकत होती. मी लहानपणापासून पाहत आले होते आणि मला वाटायचं, आई कामात जरा ढिली आहे. आईच सरवा सांडत होती. ज्यांची बोटभरही जमीन नाही, त्या बाया दुसऱ्याच्या वावरात तिसऱ्यासाठी सांडत होत्या. आणि मग चार दिवसांनी त्याच, पोतं घेऊन, बुढीबरोबर वेचायला यायच्या, तिला एकटं वाटू नये म्हणून. वेदीपुढच्या त्या बोगण्यातली तूर आईने सांडलेली होती आणि आईनेच वेचलेली. मी विचारलं होतं, देवालाही उरलंसुरलंच?

डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, असं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवतात. मला ते नेहमी दानपेटीपुरतं वाटायचं. इथे दोन्ही हातांत विळा आणि पेंढी होती.

मी पुढच्या ओळीत एक डहाळी सोडली. सांगते, सोपं नाही. हात आपोआप उचलायला जातो.

दुपारी काकाजी धुऱ्यावरून ओरडले, "बायाहो! शेंगा पडून राह्यल्या! डोळे घरी ठेवून आल्या का?" एवढं मोठ्याने की नाल्यापलीकडे ऐकू गेलं असेल. मग त्यांनी मोटारसायकल फिरवली, तोंड रस्त्याकडे केलं आणि वावराकडे पाठ करून बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला धडा सांगायचा होता, दिसत होतं. पण तिने नाही सांगितला.

चौथ्या दिवशी तूर खळ्यावर गेली. ट्रॅक्टर आला नाही. सकाळी भिंतीपलीकडे पोतं झटकल्याचा आवाज आला. बुढी निघाली होती. आई निघाली. मीही निघाले. वावरात ती माझ्यापुढे होती, दुमडलेली, आणि तिचे हात माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालत होते. तिने एकदाच वळून पाहिलं. "लीडरीण, तो कोपरा माह्या हाये. तू तिकडं वेच."

मजुरीचं बोलायचं राहिलं होतं, ते आम्ही पुढच्या हंगामात बोललो. अजून बोलतोच आहोत. पाण्याचा ड्रम मात्र धुऱ्यावर आला. पत्रकंही मी लिहिते. आता ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी वाचून दाखवते, आणि चाचा म्हणतात, खांब कमी झाले.

त्याच हंगामातल्या उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बुढी चहाला आली. कमरेला साखरेची पुडी. चहा पिऊन झाला तरी उठेना. मग पदराखालून एक वाटी काढली, नवी भरडलेली डाळ, आणि माझ्यापुढे सरकवली.

"तुमच्या देवाले ठेवजो," ती म्हणाली.

"आजी, तुमचं नाव सांगू का तिथं?"

"काहून? पत्रक काढतं का?"

दुसऱ्या दिवशी वेदीपुढे पोत्यांच्या रांगेत आईचं बोगणं होतं आणि त्याच्या बाजूला ती वाटी. पाळक एकेक घराचं नाव घेऊन आभार मानत होते. वाटीपाशी आल्यावर थांबले. "ही कोणाकडून?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"राह्यली होती," मी म्हटलं.

पाळकांना वाटलं, कोणाचं तरी नाव घ्यायचं राहिलं. त्यांनी दोन क्षण वाट पाहिली, मग तशीच प्रार्थना केली.